नेम चुकतो तो हाताचा की माशीचा?

जुन्या अमेरिकन चित्रपटांतील गुप्तहेर कोटाच्या आतून तळहाताएवढे रिव्हॉल्व्हर काढतो आणि धावत्या मोटारीतील गुन्हेगाराला रस्त्याच्या पलीकडून अचूक टिपतो. तेच रिव्हॉल्व्हर घेऊन नेमबाजीच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसाचा अनुभव मात्र निराळा असतो. सात यार्डांवर, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटरवर, कागदी लक्ष्य लावलेले असते. पाच गोळ्या झाडून तो जवळ जाऊन पाहतो, तर पाचही छिद्रे एकमेकांना खेटून पडलेली. परंतु ज्या काळ्या वर्तुळावर नेम धरला होता, त्याच्या चार बोटे खाली आणि डावीकडे. पुढच्या पाच गोळ्यांचीही तीच गत. आता या शस्त्राचा नेमच मुळात वाकडा आहे, अशी त्याची खात्री पटते आणि अनेकांचा हात यानंतर कानशीकडे जातो.

घाई होते ती नेमकी इथे. छिद्रे एका ठिकाणी पडत आहेत, पण नको त्या ठिकाणी, या तक्रारीला निदान सहा-सात कारणे असू शकतात. त्यांपैकी कानशीने बरे होणारे कारण एखादेच. शिवाय काडतूस बदलून पाहता येते, मूठ बदलता येते, सवय बदलता येते. घासून टाकलेले पोलाद मात्र परत येत नाही. हे शस्त्र बाळगणारा ते पदके मिळविण्यासाठी बाळगत नाही. जिवावर बेतल्यास उपयोगी पडावे, एवढाच त्याचा हेतू असतो. आणि त्या क्षणी चुकलेली गोळी कुठे तरी जाऊन लागतेच, ही जबाबदारीही त्याचीच असते. म्हणून दोष हातात आहे की लोखंडात, हे आधी शांतपणे ठरविणे आवश्यक ठरते.

आखूड नळीचे, ज्याला आपण ‘नकटे’ म्हणू, असे रिव्हॉल्व्हर ही प्रामुख्याने अमेरिकेची देणगी. कोल्ट कंपनीने १९२७ साली दोन इंची नळीचे आणि सहा गोळ्यांचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणले. साध्या वेशातील पोलिसांना ते कपड्यांत लपविता येत असे. पुढे स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० साली त्याहूनही लहान, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर तयार केले. कोलोराडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या अधिवेशनात ते प्रथम मांडण्यात आले आणि तिथल्या प्रमुखांनीच त्याला ‘चीफ्स स्पेशल’ हे नाव पसंत केले. १९५७ पासून ते ‘मॉडेल ३६’ या क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. या घराण्यातील रिव्हॉल्व्हरे आजही तयार होतात आणि पुढील विवेचनात त्यांचाच नमुना डोळ्यांपुढे ठेवला आहे.

नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी जो उंचवटा असतो, त्याला आपल्याकडे पूर्वीपासून माशी म्हणतात. नेम धरताना डोळ्याजवळच्या खाचेतून माशी पाहावयाची आणि माशीचा माथा लक्ष्याशी जुळवावयाचा. कोल्हापूरच्या राही सरनोबत ज्या पिस्तुलाने २५ मीटर स्पर्धेत उतरतात, तशा पिस्तुलावरील मागची खाच बारीक स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकविता येते. खिशातल्या रिव्हॉल्व्हरला ही सोय परवडत नाही, कारण बाहेर आलेला प्रत्येक कोपरा नेमका घाईच्या वेळी अस्तरात अडकतो. म्हणून जुन्या नमुन्यांत माशी नळीतूनच घडविलेली असते आणि मागची खाच म्हणजे सांगाड्याच्या माथ्यावर कोरलेली साधी चर असते. फिरवावे असे त्यात काहीच नसते. कारखान्याने एक विशिष्ट काडतूस, एक विशिष्ट अंतर आणि एक सरासरी हात गृहीत धरून जे ठरविले, ते कायमचे ठरले.

दशांश मिलिमीटरचा हिशेब

या शस्त्रात माशी आणि खाच यांच्यातील अंतर सुमारे नऊ सेंटिमीटर असते. सात यार्डांवरील लक्ष्य याच्या साधारण सत्तरपट दूर असते. त्यामुळे माशी खाचेत एक मिलिमीटर खाली-वर झाली, तर कागदावर गोळी सुमारे सात सेंटिमीटर खाली-वर जाते. वहीच्या एका कागदाची जाडी सुमारे दशांश मिलिमीटर. तेवढ्या चुकीचेही तिथे सात मिलिमीटर होतात. पंचवीस यार्डांवर एका मिलिमीटरची चूक थेट पाव मीटरवर जाते. सहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये माशी आणि खाच यांतील अंतर जवळपास दुप्पट असल्याने तीच चूक निम्म्यावर येते. आखूड नळीच्या गोळीत जोर कमी असतो हे खरे, पण जवळच्या अंतरावर नेम चुकण्याचे कारण ते नव्हे. नेम धरण्याची मोजपट्टीच आखूड असते, हे कारण आहे.

म्हणून एका गोळीवरून, किंवा एका कागदावरील पाच गोळ्यांवरून, काहीच ठरवू नये. तीन वेगवेगळ्या कागदांवर पाच-पाच गोळ्या झाडाव्यात. छिद्रे कागदभर विखुरली असतील तर माशीचा विचारही करू नये; तिथे सराव हाच उपाय. तिन्ही कागदांवर घोळका एकाच बाजूला सरकलेला दिसला, तरच पुढच्या तपासात अर्थ आहे.

जड गोळी वर का लागते?

आता एक विलक्षण वाटणारी गोष्ट. त्याच रिव्हॉल्व्हरमधून, त्याच नेमाने, जड आणि संथ गोळी झाडली तर ती वर लागते. हलकी आणि वेगवान गोळी खाली लागते. सामान्य तर्क याच्या उलट सांगतो. जड वस्तू लवकर खाली येणार, असे आपण धरून चालतो. परंतु सात यार्डांच्या प्रवासात गुरुत्वाकर्षणाला फारसे काही करावयास वेळच मिळत नाही. खरी घडामोड गोळी नळीत असतानाच घडते. बार उडताच धक्क्याने शस्त्र मागे येते आणि नळीचे तोंड वर उचलले जाऊ लागते. गोळीला बाहेर पडण्यास एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, पण तेवढ्यात नळी किंचित वर झालेली असतेच. संथ गोळी नळीत अधिक काळ रेंगाळते, जड असल्याने धक्काही अधिक देते, आणि म्हणून नळी अधिक उचलली गेल्यावर बाहेर पडते.

हे गणित कारखान्याला ठाऊक असते. त्यासाठीच माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते. शस्त्र शिकंज्यात घट्ट धरून माशी व खाच लक्ष्याशी जुळविली, तर नळी प्रत्यक्षात लक्ष्याच्या खाली रोखलेली दिसेल. धक्क्याने होणारी उचल ही उणीव भरून काढते.

पॉइंट ३८ स्पेशल या काडतुसाच्या बाबतीत अनेक दशके प्रमाण मानली गेलेली गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅम वजनाची, शिशाची होती. जुन्या स्थिर माश्या तिच्यासाठीच बेतलेल्या आहेत. नंतरच्या काळात ११० आणि १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान गोळ्या लोकप्रिय झाल्या. जुन्या शस्त्रात त्या घातल्या की घोळका खाली सरकतो. जवळच्या अंतरावर फरक एखाद-दोन इंचांचा असतो, अंतर वाढेल तसा तोही वाढतो. मालकाला वाटते, माशी उंच झाली. माशी होती तेवढीच असते, काडतूस बदललेले असते. तेव्हा गोळ्या खाली लागत असतील तर अधिक जड गोळीचे काडतूस आणि वर लागत असतील तर हलक्या, वेगवान गोळीचे काडतूस वापरून पाहावे, हा पहिला आणि सर्वांत निरुपद्रवी उपाय होय. मात्र त्या शस्त्राला जे काडतूस चालते असे निर्मात्याने म्हटले आहे, त्याच मर्यादेत राहून. अधिक दाबाची काडतुसे जुन्या, हलक्या सांगाड्यात घालणे हा नेम सुधारण्याचा मार्ग नव्हे.

काडतुसाने वर-खालीचा प्रश्न बराचसा सुटतो. डाव्या-उजव्या बाजूच्या चुकीवर मात्र त्याचा जवळजवळ परिणाम होत नाही. तिथे हाताची चौकशी करावी लागते.

नाचता येईना...

उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जाऊ लागल्या, तर शंभरातील बहुतेक वेळा दोष चाप ओढण्याचा असतो, असे कोणताही अनुभवी शिक्षक कागद पाहूनच सांगेल. या रिव्हॉल्व्हरचे वजन पोलादी सांगाड्याचे असल्यास सुमारे ५६० ग्रॅम, मिश्रधातूचे असल्यास सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. घोडा आधी न चढविता केवळ चाप ओढून गोळी झाडावयाची, तर चापेवर सुमारे बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोंचा जोर लावावा लागतो. शस्त्राच्या वजनाच्या दहापट जोर एका बोटाने द्यावयाचा आणि तरीही शस्त्र तसूभरही हलता कामा नये, अशी ही अपेक्षा. बोटाबरोबर बाकीची बोटेही मूठ आवळतात आणि नळीचे तोंड खाली-डावीकडे झुकते. डावखुऱ्याच्या बाबतीत हेच खाली-उजवीकडे होते. त्यात आवाजाच्या आणि धक्क्याच्या भीतीने बार उडण्याआधीच मनगट खाली दाबले जाते, ते वेगळेच.

याची परीक्षा सोपी आहे. मित्राने पाचपैकी दोन-तीन घरांत जिवंत काडतुसे आणि उरलेल्यांत निकामी, सरावाची काडतुसे घालावीत. झाडणाऱ्याला क्रम ठाऊक नसावा. निकामी काडतुसावर घोडा नुसता ‘टक्’ करून पडतो आणि त्या क्षणी नळीचे तोंड खाली डुबकी मारताना उघड दिसते. हे दृश्य पाहिल्यावर अंगण वाकडे असल्याची तक्रार बहुधा थांबते.

दुसरी परीक्षा घोडा अंगठ्याने आधी चढवून करावयाची. तसे केल्यावर चाप दीड किलोच्या आसपासच्या जोराने सुटतो. या पद्धतीने घोळका मधोमध आला आणि नुसत्या चापेने मात्र खाली-डावीकडे गेला, तर लोखंड निर्दोष ठरते. घोडा आत झाकलेल्या नमुन्यांत, उदाहरणार्थ १९५२ साली आलेल्या ‘सेंटेनिअल’मध्ये, ही सोय नाही. तिथे दुसऱ्या अनुभवी नेमबाजाकडून, शक्यतो डावखुऱ्याकडून, तेच काडतूस झाडवून घ्यावे. माणसाबरोबर घोळका सरकला तर कारण माणसात आहे. जागचा हलला नाही, तर संशय शस्त्रावर घेण्यास हरकत नाही. वाळूच्या पिशवीवर टेकून झाडतानाही मनगटे टेकवावीत, नळी नव्हे. नळी कठीण पृष्ठभागावर टेकली की धक्क्याने होणारी उचल बदलते आणि परीक्षाच फसते.

मुठीकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. खिशात मावावी म्हणून या शस्त्रांची लाकडी मूठ इतकी लहान ठेवलेली असते, की करंगळीला जागाच उरत नाही. प्रत्येक गोळीनंतर शस्त्र हातात फिरते आणि पुढची गोळी नव्या पकडीने जाते. बोटांना आधार देणारी जरा मोठी रबरी मूठ बसविल्याबरोबर घोळका जागेवर आल्याची उदाहरणे मुळीच दुर्मीळ नाहीत. हात जेवढा वर, नळीच्या रेषेजवळ, तेवढी नळी कमी उचलली जाते, हेही ओघाने आलेच.

डोळा आणि उजेड

मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणे मानवी डोळ्याला शक्य नसते. तरुणपणी डोळा झटपट दृष्टी बदलतो, म्हणून तसा भास होतो. चाळिशी लागली की हाताच्या अंतरावरची माशी धूसर होऊ लागते आणि माणूस नकळत लक्ष्याकडेच पाहत राहतो. माशी खाचेत कुठे आहे याचा मग पत्ता नसतो. दृष्टी माशीवर स्थिर ठेवावी आणि लक्ष्य धूसर राहू द्यावे, हा नियम नवख्यांना पटत नाही. पण वरचा मिलिमीटरचा हिशेब पुन्हा पाहावा.

उजेडही फसवतो. घासून चकचकीत झालेल्या माशीवर डावीकडून ऊन पडले की तिची डावी कडाच उजळून दिसते. डोळा त्या कडेलाच पूर्ण माशी समजून खाचेच्या मधोमध आणतो. खरी माशी त्यामुळे उजवीकडे राहते आणि गोळीही उजवीकडे जाते. सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला गोळ्या लागत असतील, तर दुसरे कारण शोधत बसू नये. जुने नेमबाज दिव्याची काजळी धरून माशी काळी करीत, ते याचसाठी.

नेम नक्की कुठे धरला, हेही विचारावे. काही जण माशीच्या माथ्यावर वर्तुळ ठेवतात, काही माथा वर्तुळाच्या मध्यावर आणतात, तर काही माशीनेच मध्य झाकून टाकतात. गोळी माथ्यावर लागावी अशी बेतलेली माशी मध्यावर झाकण घातल्यासारखी धरली, तर गोळी वर जाणारच. ही चूक नव्हे, हा निव्वळ गैरसमज आहे.

लोखंडाचे दोष

एवढ्या चाळणीतून जे उरते ते खरोखर शस्त्राचे दोष. पाचपैकी चार गोळ्या एकत्र आणि एक नेहमी दूर, असे होत असेल तर फिरत्या चक्रातील घरांना क्रमांक देऊन पाहावे. भटकणारी गोळी दर वेळी त्याच घरातून येत असेल, तर ते घर नळीशी नीट जुळत नाही. नळीच्या तोंडाच्या कडेला पडलेला बारीकसा खवला किंवा आत साचलेले शिसेही गोळी भरकटविते. याकडे बोटाच्या टोकाने आणि साफसफाईच्या गजाने आधी पाहून घ्यावे.

घोळका सर्वांच्या हातून ठाम एका बाजूला जात असेल तर नळी तपासावी. सांगाड्यात ती आट्यांवर घट्ट बसविलेली असते. कारखान्यात ती थोडी कमी किंवा अधिक आवळली गेली, की माशी सरळ उभी न राहता किंचित कलते. माशी उजवीकडे कललेली असेल, तर ती खाचेत मधोमध आणण्यासाठी नेमबाज नळी डावीकडे वळवितो आणि गोळी डावीकडे जाते. उपाय नळी योग्य तेवढी फिरविण्याचा, पण त्याला खास साचे आणि हत्यारे लागतात. पकडीत धरून फिरवू पाहणाऱ्याने सांगाड्यालाच पीळ दिल्याचे प्रकार घडतात. हे काम कारागिराचे, किंवा निर्मात्याचे.

राहिली वर-खालीची चूक. इथे कानशीची पाळी येते, पण नियम नीट ध्यानात घेऊन. गोळी जिकडे चुकते, तिकडे माशी न्यावी लागते. गोळ्या वर लागत असतील तर माशी अधिक उंच हवी. खाली लागत असतील तर बुटकी हवी. कानस फक्त बुटकी करू शकते. म्हणजे गोळ्या वर लागत असताना माशी घासणारा स्वतःचे नुकसान दुप्पट करून घेतो, आणि हे घडते. किती घासावे याचे गणितही वरचेच: कागदावरील चूक गुणिले माशी-खाच अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. सात यार्डांवर गोळ्या पाच सेंटिमीटर खाली लागत असतील, तर उत्तर सुमारे सात दशांश मिलिमीटर येते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच घासून पुन्हा मैदानावर जावे. आणि तेही ज्या काडतुसावर पुढे कायम भिस्त ठेवावयाची, तेच घेऊन. काही नव्या नमुन्यांत माशी वेगळी, खिळीने बसविलेली असते. २००९ साली आलेले रुगर कंपनीचे ‘एलसीआर’ हे त्यांपैकी एक. तिथे वेगळ्या उंचीची माशी बसविता येते आणि कानशीचा धोकाच टळतो.

आपल्याकडील परवानाधारकाच्या वाट्याला सहसा येते ते पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ साली बाजारात आणलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ याच जातीचे. भौतिकशास्त्र तेच असले, तरी परिस्थिती वेगळी. अमेरिकेतल्यासारखी दहा प्रकारच्या गोळ्यांची निवड इथे नाही, त्यामुळे काडतूस बदलून घोळका वर-खाली करण्याचा मार्ग जवळपास बंद. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील याची संख्या ठरलेली असते, त्यामुळे तपासासाठी शेकडो गोळ्या उडविणेही शक्य नाही. दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडेच करून घ्यावी लागते. ‘जरा शेतावर झाडून पाहू’ हा विचार तर मनातही आणू नये; ही परीक्षा मान्यताप्राप्त मैदानावरच करावयाची.

या परिस्थितीत आपल्या माणसाच्या हाती उरतो तो बिनगोळीचा सराव. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून आणि घरांत सरावाची निकामी काडतुसे घालून, भक्कम भिंतीकडे रोज पाचेक मिनिटे चाप ओढावा आणि घोडा पडताना माशी हलते का, एवढेच पाहावे. ती खाचेत निश्चल राहू लागली, की मग काडतुसांचा कोटा घेऊन मैदानावर जावे आणि तीन कागद लावावेत.